दहावा अवतार कोर्टात: धार्मिक वाक्याचा अर्थ ठरतो कसा?

हार्बर लाइनवर रे रोडला उतरून दक्षिणेकडे माझगावात गेलं की हसनाबाद लागतं. निजारी इस्माइलींचे इमाम, पहिले आगाखान यांचा मकबरा तिथे आहे. त्यांचं निधन १८८१ सालचं. त्याआधी पंधरा वर्षं, १८६६ मध्ये, त्यांच्याविरुद्धचा एक खटला मुंबई हायकोर्टात गाजला. वाद खोजा जमातीच्या मालमत्तेवर हक्क कुणाचा, हा होता. पण निकाल द्यायचा तर न्यायमूर्ती जोसेफ आर्नोल्ड यांना एका ग्रंथाचा अर्थ लावणं भाग होतं. त्या ग्रंथाचं नाव ‘दशावतार’.

गिरणगावातल्या माणसाला दशावतार म्हटलं की कोकणातलं रात्रभर चालणारं नाटक आठवेल. खोजांच्या या ग्रंथातही दहा प्रकरणं होती आणि पहिले नऊ अवतार विष्णूचेच होते. दहावा मात्र हजरत अली.

आता ‘अली हा दहावा अवतार’ हे वाक्य नेमकं काय सांगतं? ब्रिटिश तत्त्वज्ञ ए. जे. एअर यांना विचारलं असतं, तर उत्तर सोपं होतं. १९३६ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी म्हटलं की, जे अनुभवाने तपासता येत नाही आणि जे निव्वळ व्याख्येनेही खरं ठरत नाही, ते विधान खरंही नसतं आणि खोटंही नसतं. ते अर्थशून्य असतं. पण ‘अर्थशून्य आहे, घरी जा’ असं कोर्टाला म्हणता येत नाही. वादी म्हणत होते, खोजा सुन्नी आहेत. आगाखानांची बाजू म्हणत होती, ते शिया इमामी इस्माइली आहेत.

आर्नोल्ड यांनी ग्रंथात काय लिहिलंय हे पाहिलंच, पण तो केव्हा वाचला जातो हेही पाहिलं. खोजा माणूस मरणाला टेकला की त्याच्या उशाशी हा ग्रंथ वाचत. सणांनाही वाचत. निकालपत्रात याची स्पष्ट नोंद आहे. शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात शोधावा, हे विट्गेनश्टाइन यांचं म्हणणं पुढे विसाव्या शतकात गाजलं. इथे एका न्यायाधीशाने गरजेपोटी तेच केलं होतं.

मात्र सगळा अर्थ वापरातच असतो, असंही नाही. ऐकणाऱ्यांना दहावा अवतार म्हणजे कल्की, आणि तो अजून यायचा आहे, हे आधीच ठाऊक होतं. ग्रंथ सांगतो, तो येऊन गेला. ‘अवतार’ शब्दाचा जुना अर्थ शिल्लक नसता, तर या सांगण्यात काही जोरच उरला नसता. आर्नोल्ड यांना यात धर्मप्रचारकाची पद्धत दिसली: श्रोत्याला जे मान्य आहे ते घ्यायचं आणि त्यात आपलं जोडायचं. नोव्हेंबर १८६६ मध्ये निकाल आगाखानांच्या बाजूने लागला.

याच साच्यातलं दुसरं वाक्य मराठी माणसाच्या जास्त ओळखीचं आहे: ‘बुद्ध हा विष्णूचा नववा अवतार.’ (महाराष्ट्रातल्या काही जुन्या चित्रांत त्या जागी विठ्ठलही दिसतो.) १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांपैकी पाचवी प्रतिज्ञा हे वाक्य ठामपणे नाकारते.

‘अहो, ते तर रूपक आहे, आदराने म्हटलंय,’ असं सांगून हा नकार मिटवता येत नाही. बुद्धाला अवतार म्हटलं की तो विष्णूचा होतो आणि त्याचा धम्म वेगळा उरत नाही. वाक्य हेच सांगतं, म्हणून ते नाकारलं गेलं. धार्मिक भाषा फक्त भावना व्यक्त करते असं मानणाऱ्यांची मला इथेच अडचण वाटते. निव्वळ भावनेला खोटं कसं ठरवणार?

आणि नाकारण्याची रीतही पाहा. बाबासाहेबांनी बुद्धाच्या अवतारकल्पनेवर नुसता लेख लिहिला नाही, प्रतिज्ञा दिली. धम्मदीक्षेच्या वेळी ती आजही उभं राहून, सगळ्यांनी मिळून, मोठ्याने म्हटली जाते.