इंडिका : झाडाची ठेवण आणि नावाची मर्यादा

गांजाची विक्री कायदेशीर असलेल्या कॅनडात आणि अमेरिकेच्या अनेक राज्यांत प्रत्येक वाण 'इंडिका', 'सॅटिव्हा' किंवा या दोहोंचा संकर म्हणजे 'हायब्रिड' या तीन वर्गांपैकी एका वर्गात बसवून विकला जातो, आणि इंडिकाकडे झुकणारा वाण अंग सैलावणारा व झोप आणणारा, तर सॅटिव्हाकडे झुकणारा तरतरी देणारा असतो, असे ग्राहकाला सांगितले जाते. झाडाची बाह्य ठेवण, त्याची रासायनिक घडण आणि त्याचा माणसावर होणारा परिणाम या तीन भिन्न गोष्टी या विभागणीत एकाच नावाखाली आल्या आहेत. त्यांपैकी केवळ पहिलीविषयी ते नाव काहीसे भरवशाचे ठरते.

या नावांचा इतिहास १८व्या शतकातला आहे. कार्ल लिनियस यांनी १७५३ मध्ये युरोपात धाग्यासाठी पिकवल्या जाणाऱ्या झाडाला 'कॅनाबिस सॅटिव्हा' हे शास्त्रीय नाव दिले, तर फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लामार्क यांनी १७८५ मध्ये भारतातून आलेल्या नमुन्यांवरून 'कॅनाबिस इंडिका' ही वेगळी जाती मांडली. लामार्क यांच्यासमोरचे भारतीय झाड अरुंद पानांचे होते. आज बाजारात ज्याला इंडिका म्हणतात ते बुटके, रुंद पानांचे झाड मात्र अफगाणिस्तानातील आहे. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड इव्हान्स शुल्ट्स यांनी १९७४ मध्ये अफगाण झाडांचे वर्णन इंडिका म्हणून प्रसिद्ध केले आणि पुढे तोच अर्थ रूढ झाला. अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉनक्विस्ट यांनी १९७६ मध्ये ही सर्व झाडे एकाच जातीची मानून तिच्या दोन उपजाती केल्या, आणि २०२० मध्ये मॅकपार्टलंड व स्मॉल यांनी इंडिका उपजातीतच दक्षिण आशियाई आणि अफगाण असे निराळे प्रकार दाखवले. त्या वर्गीकरणानुसार भारतातील पारंपरिक गांजाचे झाड शास्त्रदृष्ट्या इंडिकाच असले, तरी बाजाराच्या बोलीत ते सॅटिव्हा ठरते.

अफगाण झाडाची ठेवण हिंदुकुशच्या हवामानाशी जुळणारी आहे. तेथे पावसाळी दमटपणा नाही आणि थंडी लवकर पडते. त्यामुळे थोडक्या दिवसांत फुलून पक्व होणारी झाडेच तेथे टिकली आणि शेतकऱ्यांनी त्यांतून भरपूर राळ देणारी झाडे निवडून वाढवली. हे झाड सहसा दोन मीटरच्या आत राहते, त्याची पेरे आखूड व फांद्या दाट असतात, पानांच्या पर्णिका रुंद आणि गडद हिरव्या असतात, आणि फुलोरा साधारण आठ-नऊ आठवड्यांत तयार होतो. याउलट केरळ किंवा थायलंडसारख्या उष्ण, दमट प्रदेशांतील झाडे उंच, विरळ आणि अरुंद पानांची असून त्यांना फुलोऱ्यासाठी तीन-तीन महिनेही लागतात. इंडिकाचा घट्ट फुलोरा दमट हवेत बुरशीला लवकर बळी पडतो. विरळ फुलोऱ्यात हवा खेळत असल्याने उष्ण प्रदेशातील झाडे तुलनेने बचावतात. राळेच्या या विपुलतेमुळेच अफगाणिस्तानात वाळलेली झाडे चाळून राळ वेगळी करण्याची पद्धत रुजली, तर हिमाचलातील मलाणासारख्या भागात ओला फुलोरा तळहातांवर चोळून चरस काढण्याची रीत आहे.

झाडाचा परिणाम ठरतो तो या राळेतील रसायनांवर. राफाएल मेकुलाम आणि येखिएल गाओनी यांनी इस्राएलमध्ये १९६४ साली शुद्ध स्वरूपात वेगळे केलेले टीएचसी हे नशा आणणारे मुख्य द्रव्य होय. सीबीडी हे दुसरे महत्त्वाचे द्रव्य तशी नशा आणत नाही. पारंपरिक अफगाण झाडांत टीएचसीसोबत सीबीडीचेही लक्षणीय प्रमाण असे, तर भारतीय झाडांत ते नगण्य असे. परंतु १९६० आणि १९७०च्या दशकांत अफगाण बियाणे अमेरिकेत व पुढे नेदरलँड्समध्ये पोहोचले, तेथे त्याचे मेक्सिको, कोलंबिया व थायलंडच्या वाणांशी संकर झाले आणि अधिकाधिक टीएचसीसाठी निवड होत गेल्याने हा जुना फरक बहुतांशी पुसला गेला. अफगाण आणि थाई वंशाचा 'नॉर्दर्न लाइट्स' हा प्रसिद्ध वाण अशाच संकरातून आला. वाणाच्या माहितीत दिलेली इंडिकाची टक्केवारी ही सहसा पैदासकाराने सांगितलेल्या वंशावळीवर आधारलेली असते. ती जनुकांच्या मोजमापातून आलेली नसते.

सुगंधी बाष्पनशील द्रव्यांच्या म्हणजे टर्पिनांच्या बाबतीत थोडा आधार सापडतो. कॅनडा आणि नेदरलँड्समधील संशोधकांनी २०२१ मध्ये सुमारे ३०० नमुने तपासले, तेव्हा दोन्ही नावांच्या नमुन्यांत एकूण जनुकीय भेद स्पष्ट दिसला नाही. मात्र मातकट वासाचे मिर्सिन आणि आणखी काही मोजकी टर्पिने 'इंडिका' नावाशी निगडित आढळली. म्हणजे पैदासकार व विक्रेते हे नाव बऱ्याच अंशी वासावरून देत असावेत. मिर्सिनमुळे गुंगी येते या दाव्याला मुख्यतः प्राण्यांवरील प्रयोगांचा आधार असून माणसाला येणारा अनुभव टीएचसीची मात्रा, सेवनाची पद्धत आणि शरीराची सवय यांवर अधिक अवलंबून असतो. म्हणून 'इंडिका' हे नाव वाचून झोपेची किंवा वेदनाशमनाची हमी मानणे शास्त्राला धरून नाही. नियंत्रित बाजारात प्रयोगशाळेत मोजलेले टीएचसी आणि सीबीडीचे प्रमाण हीच अधिक विश्वसनीय माहिती होय.

भारतात तर या भेदाला कायदेशीर महत्त्वच नाही. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजाची व्याख्या झाडाचा फुलोरा किंवा फळधारी शेंडा अशी केली असून त्याला कोणतेही नाव असले तरी ती लागू होते. एक किलोपर्यंतचा साठा अल्प मानला जात असला तरी तोही गुन्हाच ठरतो, आणि २० किलोंहून अधिक, म्हणजे व्यापारी प्रमाणातील साठ्यासाठी किमान १० वर्षांच्या सक्तमजुरीची तरतूद आहे.