मृण्मूर्तींचा संग्रह आणि मूल्यनिश्चिती : जपानी श्वानमूर्ती व तेर

चिनी मातीच्या जुन्या जपानी श्वानमूर्तीचा काळ ठरविताना संग्राहक प्रथम तिचा तळ पाहतो. अमेरिकेच्या आयात कायद्यामुळे 1891 पासून वस्तूवर मूळ देशाचे नाव आवश्यक झाले. त्यामुळे तेथे गेलेल्या वस्तूंवर आरंभी 'निप्पॉन', 1921 नंतर 'जपान' आणि युद्धोत्तर काळात, 1952 पर्यंत, 'ऑक्युपाइड जपान' असे शिक्के आढळतात. शिक्का बनावटही असू शकतो, हे अर्थात वेगळे.

लातूरलगतच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर (प्राचीन तगर) येथील सातवाहनकालीन मृण्मूर्तींना असा आधार नाही. रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या चिकाटीने जमविल्या. त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय तेथे आहे. परंतु पांढरीच्या मातीत सहज सापडलेल्या मूर्तीची जागा व थर नोंदले गेले नाहीत, तर शैलीवरून काळाचा केवळ अंदाज करावा लागतो. बाजारभावही येथे निकष ठरत नाही. 1972 च्या पुरावस्तू कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंचा परवान्याविना व्यापार करता येत नाही व खासगी निर्यातीस बंदी आहे. सापडल्याचे शेत, गट क्रमांक आणि दिनांक यांची साधी नोंद मात्र नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांतील इतिहास विभागांना विद्यार्थ्यांकरवी गावोगावी करता येण्याजोगी आहे.