चांदण्यातल्या मेजवानीसाठी अख्खा महाल!

उदयपूरच्या पिछोला तलावातला पांढराशुभ्र लेक पॅलेस म्हणे एका हट्टापायी उभा राहिला. मेवाडात सांगतात, राजपुत्र जगतसिंहाला तलावातल्याच जगमंदिर महालात चांदण्या रात्री मेजवान्या करायच्या होत्या. वडील संग्रामसिंह म्हणाले, एवढी हौस असेल तर स्वतःचा महाल बांध! गादीवर आल्यावर पठ्ठ्याने ते खरं केलं. १७४३ मध्ये पाया घातला, तीन वर्षांत ‘जगनिवास’ तयार! महालाचं तोंड पूर्वेला. घराणं सूर्यवंशी, तेव्हा सकाळी पहिला नमस्कार सूर्याला.

या जगतसिंहांशी आपला जुना परिचय आहे. १७३५ मध्ये थोरल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई यात्रेला निघाल्या, तेव्हा उदयपुरात त्यांचा पाहुणचार यांनीच केला. पुढच्या वर्षी खुद्द बाजीराव आले. दरबारात त्यांच्यासाठी महाराणांच्या शेजारी आसन मांडलं होतं. पण मेवाडच्या गादीचा मान राखून पेशवे खालच्या आसनावर बसले. चौथाई मात्र ठरवूनच परतले.

संस्थानं गेली तोवर महालाला अवकळा आली होती. महाराणा भगवतसिंहांनी तिथे हॉटेल काढायचं ठरवलं, १९६३ मध्ये ते सुरूही झालं. त्याच्या अंतर्गत सजावटीत मोठा हात होता दीदी कॉन्ट्रॅक्टर यांचा. जन्म अमेरिकेतला, लग्नानंतर संसार आधी नाशिकला, मग जुहूला. हाडाच्या चित्रकार, आर्किटेक्चरची पदवी नाही! पुढे याच दीदींनी कांगड्यात माती, बांबू आणि पाटीच्या दगडाची घरं बांधून नाव कमावलं. २०१९ मध्ये त्यांना नारीशक्ती पुरस्कार मिळाला. संगमरवरी महाल आणि मातीचं घर, दोन्हींना एकाच बाईचा हात लागावा, ही मला या हॉटेलची सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

१९७१ मध्ये मुंबईच्या ताज समूहाने कारभार हाती घेतला. आज इथे ८० हून अधिक खोल्या आहेत आणि पाहुणे होडीने येतात. अर्थात, तलावात पाणी असेल तर! २००० नंतरच्या दुष्काळात पिछोला इतका आटला, की महालाभोवती गुरं चरत होती.

आणि जेम्स बाँड? १९८३ च्या ‘ऑक्टोपसी’त नायिकेचा महाल म्हणून झळकला तो हाच. रॉजर मूरच्या जोडीला आपला कबीर बेदीही होता. उदयपुरातली कित्येक हॉटेलं संध्याकाळी गच्चीवर हा सिनेमा दाखवत आली आहेत. जेवता जेवता पडद्यावरचा महाल बघायचा आणि मान वळवली की समोर खराखुरा!