पाण्याखालचं अदृश्य छत
हौशी डायव्हिंगची मर्यादा 40 मीटर. तिथपर्यंत अडचण आली, तर सावकाश थेट वर येता येतं. तांत्रिक डायव्हिंगमध्ये ती वाट बंद होते. शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून ठरावीक खोलींवर थांबावंच लागतं. घाई केली, तर रक्तात बुडबुडे होतात. पुढचं प्रशिक्षण निवडताना मी आधी खोली पाहत होतो, आता क्रम पाहतो: नायट्रॉक्स, मग डीकम्प्रेशन, शेवटी हेलियम मिसळलेला ट्रायमिक्स. वर येताना सिलिंडर बदलावे लागतात. शुद्ध ऑक्सिजन 6 मीटरपेक्षा खोल घेतला, तर झटके येऊन माणूस बुडू शकतो. म्हणून प्रशिक्षकाला माझा पहिला प्रश्न प्रमाणपत्राचा नसतो. जागचा न हलता सिलिंडर बदलणं जमेपर्यंत तुम्ही मला नापास कराल ना, एवढंच विचारतो.