शंभर मीटर, पण कुठून?

लोहारा आता यवतमाळातच जमा झालंय. एमआयडीसी तिथेच, ले-आउटही तिकडेच सरकताहेत. त्याच लोहाऱ्यात कमलेश्वराचं हेमाडपंती देऊळ उभं आहे. जिल्ह्यात अशा देवळाशेजारी प्लॉट घेणाऱ्याच्या कानावर एक आकडा हमखास पडतो : शंभर मीटर.

हा आकडा १६ जून १९९२ च्या अधिसूचनेतला. केंद्र-संरक्षित स्मारकाभोवतीचे शंभर मीटर प्रतिबंधित, त्यापुढचे दोनशे विनियमित. २०१० च्या दुरुस्तीने हे पट्टे थेट १९५८ च्या कायद्यात आले. पहिल्यात नवं बांधकाम नाही, जुन्या घराची दुरुस्ती तेवढी परवानगीने. दुसऱ्यात परवानगी मिळाली तर बांधकामही. नियम मोडला तर दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

खरी मेख मोजणीत आहे. टेप देवळाच्या भिंतीला लावायचा नसतो, संरक्षित क्षेत्राच्या हद्दीला लावायचा असतो. त्या हद्दीला अगदी एक टिंब मानलं तरी तीनशे मीटरच्या वर्तुळात २८ हेक्टर, म्हणजे जवळपास सत्तर एकर जमीन येते. हद्दीची खूण दहा मीटर इकडेतिकडे झाली, की कुणाचं तरी घर आत जातं, कुणाचं तरी सुटतं.

एवढी जमीन कशाला, असं गावकरी विचारतात. निव्वळ देखाव्यासाठी असती तर प्रश्न रास्तच होता. पण हेमाडपंती बांधणीत चुना नाही. घडीव दगड खाचांत बसवून एकमेकांच्या भारावर उभे असतात. खाली काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. शेजारून नाली काढली किंवा सिमेंटचा रस्ता केला, की पाणी एकाच बाजूला मुरतं आणि पाया तिरका बसू लागतो. जिल्ह्यातल्याच कळंबच्या चिंतामणी गणपतीच्या देवळात पायऱ्या उतरून जाणाऱ्यांना देवाचं भूगर्भातल्या पाण्याशी असलेलं नातं वेगळं सांगावं लागत नाही.

म्हणूनच सरसकट वर्तुळ मला पटत नाही. उताराच्या वरच्या बाजूला शंभर मीटरही कमी पडतील, खाली पन्नास पुरतील. प्रत्येक स्मारकासाठी वेगळ्या वारसा उपविधींची तरतूद २०१० च्या दुरुस्तीतच आहे. राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडचं ते काम मात्र मुंगीच्या पावलाने चाललंय. तोवर प्लॉट घेणाऱ्याने सातबाऱ्यावर विसंबू नये. संरक्षित हद्द आणि गट क्रमांक एकत्र दाखवणारा मोजणी नकाशा मागावा, इसार त्यानंतर द्यावा.