उत्तर न देणारे विमान

इंजिनाचे विमान आणि ग्लायडर एकमेकांच्या आड आले तर वाट कोणी द्यायची, हे आंतरराष्ट्रीय हवाई नियमांत ठरलेले आहे: इंजिनवाल्याने. नियम स्वच्छ आहे. पण वाट देण्यासाठी आधी ग्लायडर दिसायला हवे, आणि घोडे तिथेच पेंड खाते.

स्पर्धेच्या एकआसनी ग्लायडरचे पंख पंधरा मीटर लांब असले तरी समोरून त्यांची जाडी वीतभरच दिसते. धडाची रुंदी साठएक सेंटिमीटर. दोन किलोमीटरवरून एवढी वस्तू डोळ्यापाशी जेमतेम अंशाचा साठावा भाग व्यापते, आणि सर्वसाधारण दृष्टीची मर्यादा तेवढीच आहे. समजा, ग्लायडर ताशी 100 किलोमीटर आणि उतरणीला लागलेले जेट ताशी 460 किलोमीटर वेगाने समोरासमोर येत आहेत. मधले अंतर सेकंदाला 155 मीटरने घटते. दोन किलोमीटर तेरा सेकंदांत संपतात. विमान दिसणे, धोका उमजणे, निर्णय घेणे आणि विमान प्रत्यक्ष वळणे यासाठी अमेरिकेचे हवाई प्रशासन 12.5 सेकंद धरते. त्यात धडकेच्या वाटेवरचे विमान काचेतून पाहता जागचे हलत नाही. एक ठिपका एकाच जागी राहतो आणि शेवटच्या काही क्षणांत एकदम मोठा होतो.

प्रवासी विमानांत डोळ्यांच्या मदतीला टीकॅस ही यंत्रणा असते. 12 नोव्हेंबर 1996 रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन 349 माणसे मेली. त्यानंतर भारताने मोठ्या विमानांना अशी यंत्रणा सक्तीची केली. टीकॅस 1030 मेगाहर्ट्झवर सवाल करते, भोवतालच्या विमानांतील ट्रान्सपॉन्डर 1090 मेगाहर्ट्झवर जबाब देतात. जबाबाला लागलेल्या वेळावरून अंतर कळते, जबाबातील आकड्यावरून उंची. आधी इशारा येतो, मग ‘वर चढा’ किंवा ‘खाली उतरा’ असा आदेश. ट्रान्सपॉन्डर नसलेले विमान टीकॅसच्या लेखी अस्तित्वातच नसते.

ग्लायडरवर ट्रान्सपॉन्डर चालवायचा तर वीज आणायची कुठून? इंजिन नाही, म्हणून जनरेटर नाही. सगळा भार छोट्या बॅटरीवर. 28 ऑगस्ट 2006 रोजी नेवाडात सुमारे 16,000 फुटांवर एक हॉकर जेट ग्लायडरला धडकले. ग्लायडरमध्ये ट्रान्सपॉन्डर होता, पण बॅटरी वाचवण्यासाठी बंद ठेवलेला. ग्लायडरचा चालक हवाई छत्रीने उतरला, जेट चाके न उघडता धावपट्टीवर टेकले आणि सगळे वाचले. याला नशीबच म्हणायचे.

ग्लायडरांची आपसांतली अडचण आणखी वेगळी. एकाच थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेच्या झोतात, पाच-सहा ग्लायडर दाटीने घिरट्या घालतात. नुसते अंतर मोजणारे यंत्र तिथे सतत कोकलत राहील. यावर 2004 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये फ्लार्म आले. हे उपकरण जीपीएस आणि हवेच्या दाबावरून स्वतःची जागा ठरवते, वळणासकट पुढच्या काही सेकंदांचा मार्ग वर्तवते आणि तो रेडिओवरून प्रसारित करते. दोन मार्ग खरोखरच भिडणार असतील तेव्हाच ते बोंब ठोकते. वीज थोडी लागते, किंमतही क्लबांना झेपणारी. म्हणून युरोपातील ग्लायडरचालकांनी ते सक्तीची वाट न पाहता बसवले. उणीव एवढीच, की फ्लार्मला फ्लार्मच कळते. पुढच्या आवृत्त्या ट्रान्सपॉन्डर आणि विमानाची जागा आपणहून प्रसारित करणाऱ्या एडीएस-बीचे संदेशही ऐकू लागल्या. तरी साध्या ट्रान्सपॉन्डरवरून दिशा समजत नाही. संदेशाच्या जोरावरून अंतराचा अंदाज तेवढा बांधता येतो. शिवाय हे सारे एकतर्फी आहे: ग्लायडरला जेटची खबर लागते, जेटला ग्लायडरची नाही. टीकॅसचा आदेश आजही ट्रान्सपॉन्डरच्या जबाबावरच निघतो.

एकाच आकाशात तऱ्हेतऱ्हेची विमाने कशी दाटतात, हे बेंगळुरूच्या नकाशावर स्पष्ट दिसते. शहरातल्या मल्लेश्वरम भागातून उत्तरेला निघाले की नऊएक किलोमीटरवर जक्कूरचे वैमानिक प्रशिक्षण केंद्र, पंधराच्या आसपास हवाई दलाचे येलहंका, आणि त्यापलीकडे देवनहळ्ळीचा 2008 पासूनचा विमानतळ. मल्लेश्वरमला लागूनच असलेल्या भारतीय विज्ञान संस्थेत विमानशास्त्राचे अध्यापन उभे करणारे कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात याच शहरात, वालचंद हिराचंद यांनी सुरू केलेल्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये, दहा आसनी जी-1 ग्लायडर तयार केले होते. तेव्हा आकाश मोकळे होते. टक्कर टाळायला डोळे पुरत.

महाराष्ट्रात हा प्रश्न पुण्याच्या हडपसरला भेटतो. तेथील ग्लायडिंग केंद्र नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे. ग्लायडर विंचच्या दोराने वर खेचले जातात. लोहगाव विमानतळाची धावपट्टी तिथून दहाएक किलोमीटरवर, लढाऊ आणि प्रवासी विमाने दोन्ही तिच्यावर, आणि नियंत्रण हवाई दलाकडे. ताशी 460 किलोमीटरने ते अंतर सव्वा मिनिटात कापले जाते. अशा शेजारात उपकरणाआधी परवानगी, ठरलेली उंची, ठरलेली वेळ आणि नियंत्रण कक्षाशी संपर्क यांनीच विमाने वेगळी ठेवावी लागतात. ट्रान्सपॉन्डर बसवलाच, तर तो अख्खे उड्डाणभर चालेल एवढी बॅटरी आधी हवी.