कवड्यांचा पट मोबाईलवर मांडताना

तेलंगणात ज्याला 'अष्टा चम्मा' म्हणतात, तोच खेळ कर्नाटकात 'चौका बारा' आणि मराठी घरांत कुठे 'चल्लस-आठ', कुठे 'चंफूल' या नावांनी ओळखला जातो. पाच बाय पाच घरांचा पट, चार कवड्या किंवा फोडलेले चिंचोके आणि प्रत्येकाच्या चार सोंगट्या, एवढीच त्याची सामग्री. 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. त्यामुळे काचीगुडा, सुलतान बाजार भागांत मुरलेल्या मराठी कुटुंबांना या खेळाची मराठी आणि तेलुगू अशी दोन्ही नावे परकी नसावीत. आता आजी-आजोबा गोव्यात, मुलगा-सून गच्चीबावलीत आणि नातवंडे भ्रमणध्वनीत अशी स्थिती झाल्यावर हा पट ऑनलाइन मांडावा, असे कोणालाही वाटेल. आणि आज ते संगणक-अभियंत्याखेरीज इतरांनाही शक्य झाले आहे.

आपल्याला हवे ते साध्या भाषेत सांगायचे आणि आज्ञावली कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घ्यायची, या पद्धतीला आंद्रे कार्पाथी या संगणकशास्त्रज्ञाने फेब्रुवारी 2025 मध्ये 'व्हाइब कोडिंग' असे नाव दिले. त्याच वर्षी कॉलिन्स शब्दकोशाने तो वर्षाचा शब्द ठरवला. चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनी यांसारख्या साधनांना 'कवड्यांचा खेळ बनवून दे' म्हटले, तर काही मिनिटांत पटावर सोंगट्या हलू लागतात. मात्र तो आपल्या घरचा खेळ असेलच असे नाही.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे दान. चार कवड्या टाकल्या की जितक्या उताण्या पडतील तितके दान. चारही उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या पडल्या तर आठ, आणि या दोन्ही दानांना पुन्हा खेळी मिळते. म्हणजे शक्य दाने पाचच: 1, 2, 3, 4 आणि 8. साधनाला नुसते एवढेच सांगितले, तर ते या पाचांपैकी कोणतेही दान सारख्याच संधीने काढण्याची शक्यता बरीच असते. तसे झाले, तर दर पाच फेकींत सरासरी एकदा आठ पडेल. प्रत्यक्षात कवडी दोन्ही बाजूंनी सारखीच पडते असे धरले, तर सोळा शक्यतांपैकी एकीत आठ, एकीत चार, चारांत एक, चारांत तीन आणि सहांत दोन पडतात. खऱ्या कवड्या इतक्या निःपक्षपाती नसतात, तो भाग वेगळा. पण आठाचे दान दुर्मीळ असते म्हणूनच ते पडल्यावर घरात आरडाओरडा होतो. म्हणून साधनाला दाने सांगू नयेत, कवड्या सांगाव्यात: 'चार कवड्या स्वतंत्रपणे टाक आणि उताण्या मोज.' या एका वाक्याने गणित आपोआप जुळते.

नियमांचेही तसेच. बाहेरच्या सोळा घरांतून फिरून सोंगटी आतल्या आठ घरांत शिरते आणि शेवटी मधल्या घरात पोहोचते. पण प्रतिस्पर्ध्याची एखादी सोंगटी मारल्याखेरीज आत जाता येते का? फुलीच्या घरात मार आहे का? लागोपाठ तीनदा मोठे दान पडले तर ते बाद होते का? घरोघरी उत्तरे निराळी असतात. साधनाला प्रश्न पडला नाही, तर ते आपल्या मनाने एक उत्तर धरून चालते आणि तसे सांगतही नाही. तेव्हा आज्ञावलीच्या आधी घरचे नियम मराठीत, एकेक वाक्य करून कागदावर उतरवणे हेच खरे काम आहे.

शब्दांचे खेळ करणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. 'हैदराबाद' आपल्या दृष्टीने पाच अक्षरांचा शब्द. संगणक त्यात आठ चिन्हे मोजतो, कारण मात्रा आणि काना त्याच्यासाठी वेगळे असतात. 'म्हापसे' तीन अक्षरांचा, पण चिन्हे सात. 'अक्षरे मोज, चिन्हे मोजू नकोस आणि जोडाक्षर फोडू नकोस' असे स्पष्ट सांगावे लागते. शिवाय काही जुने ब्राउझर 'म्हा'चे तरीही दोन तुकडे करतात, म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या फोनांवर खेळून पाहावे.

एकाच फोनवर आळीपाळीने खेळायचे असेल, तर सारा खेळ एका फाईलमध्ये मावतो आणि ती विनामूल्य जागेवर ठेवता येते. पणजी आणि हैदराबाद एकाच डावात आणायचे, तर मध्ये सर्व्हर हवा. कवड्या तिथेच पडल्या पाहिजेत. खेळाडूच्या फोनवर पडत असतील, तर थोडे संगणकज्ञान असलेला भाचा हवे ते दान पाडून घेईल. सर्व्हरची गुप्त किल्ली पानाच्या आज्ञावलीत राहिली, तर ती कोणालाही वाचता येते. साधने ही चूक सर्रास करतात. मुलांची खरी नावे, छायाचित्रे, शाळा यांची खेळाला गरज नाही. टोपणनाव आणि डावाचा एक क्रमांक पुरतो. 2023 चा वैयक्तिक विदासंरक्षण कायदा निव्वळ घरगुती वापराला लागू होत नाही. पण खेळ सर्वांसाठी खुला करून मुलांची माहिती गोळा केली, की 18 वर्षांखालील प्रत्येकासाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीचा प्रश्न उभा राहतो.

सर्वांत सांभाळायची गोष्ट म्हणजे पैसा. दिवाळीत पाच-दहा रुपये लावून पत्ते कुटणाऱ्यांना ही बाब क्षुल्लक वाटेल. तेलंगणाने मात्र 2017 मध्येच पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन रमीसारख्या खेळांवर बंदी आणली. पाठोपाठ ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने देशभरासाठी कायदा संमत केला. पैसे भरून, पैसे जिंकण्याच्या अपेक्षेने खेळला जाणारा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, तो चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. मांडवीत कॅसिनो तरंगत असलेल्या राज्यात हा फरक विसरला जाण्याचा संभव अधिक. तेव्हा प्रवेशशुल्क, बक्षिसाची रक्कम, 'नाणी विकत घ्या' असले बटण साधनाने सुचवले तरी ठेवू नये. गुण मोजायला चिंचोके आहेतच.

पहिला डाव घरातल्या सर्वांत जुन्या खेळाडूला खेळू द्यावा. अक्षरे मोठी असावीत आणि सोंगट्यांना रंगासोबत निराळा आकारही असावा. 'आमच्यात मारल्याशिवाय आत जाता येत नाही' असे आजीने खेळता खेळता सुनावले, की तेच वाक्य जसेच्या तसे साधनाला द्यावे आणि पुढचा डाव नव्या नियमाने मांडावा.